पुसलेली रेघ

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इंदापूर तालुक्यांत, लोणी देवकर लागतें. तेथें औद्योगिक वसाहत आहे. आणि कारखाना म्हटला कीं दारावर पाटी आलीच. पूर्वीं पाटीवरचीं अक्षरें पेंटर कुंचल्यानें काढीत असे. हल्लीं पुष्कळदां तीं संगणकावर रेखून, रंगीत चिकट व्हिनाइलच्या तावांतून यंत्राच्या सुरीनें कापून घेतात. अशा एखाद्या पाटीच्या आराखड्यांत दूरध्वनीचा आंकडा चुकला आहे असें समजावें. घाईंत कोणीं त्यावर पांढरा चौकोन ठेवला. पडद्यावरून आंकडा नाहींसा झाला. परंतु सुरी रंग पाहत नाहीं, रेघ वाचते. ती चुकीचा आंकडा तर कापीलच, शिवाय त्या चौकोनाच्या चारहि कडा कापील. ताव फुकट!

असें कां व्हावें? शाळेंतल्या पाटीवरची पेन्सिलीची रेघ म्हणजे नुसती भुकटी. ओलें बोट फिरलें कीं ती गेली. संगणकावरील छायाचित्रहि बारीक रंगीत ठिपक्यांचें असतें. ठिपके पालटले कीं काम भागतें. वेक्टर पद्धतीच्या चित्रांत मात्र ठिपके जपलेलेच नसतात. तेथें रेघ ही एक लेखी आज्ञा असते: अमुक बिंदूपासून निघा, असें वळण घ्या, तमुक बिंदूवर थांबा. पडद्यावर दिसते ती केवळ त्या आज्ञेची अंमलबजावणी.

तेव्हां अशा रेघेवर खोडरबर फिरविला तर ती झिजत नाहीं, तुटते. सरळ रेघेला टोकें दोन; मधला तुकडा काढला कीं रेघा दोन होतात आणि टोकें चार. पुसल्यानें लिखाण कमी व्हावें, तें उलट वाढतें! वक्र रेघेची गोष्ट याहून नवलाची आहे. फ्रान्समधील सित्रोएन मोटारींच्या कारखान्यांत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञानें १९५९ च्या सुमारास एक युक्ति बसविली. चार बिंदूंनीं बांधलेली वक्र रेघ हव्या त्या जागीं दुभंगावी. दोन्ही तुकडे पुन्हां चार-चार बिंदूंचेच होतात, आणि मूळ वळण केसभरहि ढळत नाहीं. नांव मात्र अशा रेघांना रेनो कारखान्यांतील बेझिए याचें लागलें, कारण त्यानें आपलें काम आधीं प्रसिद्ध केलें. जगाची रीतच ती.

‘इंकस्केप’ या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालींत खोडरबराच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. एका तऱ्हेनें स्पर्श होतांच सबंध आकृति उडते. पाकळी पुसूं जावें तों फूलच जातें, आणि नवशिका गांगरतो. दुसरीनें आकृति कापली जाते. तिसरी कांहींच कापीत नाहीं, नुसतें झांकते.

झांकणें आणि पुसणें यांतील अंतर त्या भागांतील लोकांना निराळें सांगावयास नको. उजनीच्या जलाशयांत पळसदेवचें जुनें दगडी देवालय बुडालें. एरवीं वर पाणीच पाणी. पण अवर्षणाच्या सालीं पाणी ओसरलें कीं तें जागच्या जागीं उभें दिसतें.

रंग वगळून नुसत्या रेघा दाखविण्याची सोय या प्रणालींत असते. ती उघडतांच पांढऱ्याखालचा चुकीचा आंकडा लख्ख दिसूं लागतो. तो आणि वरचा चौकोन दोन्ही निवडून काढून टाकावे, खरा आंकडा घालावा, आणि मगच ताव यंत्रांत सरकवावा.