ड्रेसिंगच्या आधीचा अर्धा तास



छत्रपती संभाजीनगरचे नाव निघाले की पाणचक्की, हिमरू आणि वेरूळची वाट यांचा विषय आपोआप निघतो. परंतु आज मी आपणांस आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे नेणार आहे. जालना, बीड, परभणीकडचे रुग्ण तेथे एस.टी.ने येतात, आणि त्यांतील कित्येकांचा तोंडाचा कर्करोग, तंबाखूच्या कृपेने, निदान होईतो बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

गालास आरपार छिद्र पडलेल्या अशा रुग्णाचे ड्रेसिंग म्हणजे काय, ते पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही. रात्रभर पाझरलेला स्राव सुकून गॉज जखमेच्या कडांना घट्ट चिकटलेला असतो. जाणती सिस्टर तो ओढीत नाही, सलाइन थेंबाथेंबाने सोडून तो आपसूक सुटेपर्यंत थांबते, आणि दुर्गंधी असल्यास मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरते. तथापि वेदनाशामक वेळेवर पोटात गेले नसेल, तर हे सारे कौशल्य व्यर्थ होय.

तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा गुण यावयास सुमारे अर्धा तास लागतो व तो तासाभराने भरास येतो. त्वचेखाली टोचल्यास पंधरा ते तीस मिनिटे पुरतात. म्हणून दर चार तासांच्या नेमलेल्या मात्रेखेरीज, दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा ते दहावा हिस्सा ड्रेसिंगपूर्वी अर्धा ते एक तास द्यावा, असा प्रघात आहे. दिवसाकाठी 60 मिलिग्रॅम घेणाऱ्यास 6 ते 10 मिलिग्रॅम. इतका सोपा हिशेब असताना कोणत्याही गजबजलेल्या वॉर्डात घडते ते असे, की गोळी आणि ट्रॉली एकदमच खाटेशी पोहोचतात. मग गोळीचा अंमल बसतो तेव्हा पट्टी बांधून झालेली असते, रुग्ण ओरडावयाचे ते ओरडून गुंगीत पडलेला असतो, आणि केसपेपरावर औषध दिल्याची नोंद मात्र बिनचूक असते.

अर्थात गोळी साठ्यात असेल तरच ती वेळेवर देण्याचा प्रश्न! मॉर्फिन ज्या अफूपासून निघते ती मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते, नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. आणि तरीही 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर निरनिराळ्या खात्यांच्या परवान्यांचे असे लचांड मागे लागले, की पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. 2014 साली संसदेने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण केला. पुढल्या वर्षीच्या अधिसूचनेने त्यात मॉर्फिन व फेंटानिलसह सहा औषधे घातली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी झाली. कायदा सुधारला, भीती अद्याप कपाटाला कुलूप लावून बसली आहे.

परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील तिकडे गावी आहेत, आणि फोनवर आपण जेवण झाले का, झोप लागली का, एवढे विचारता. घरी असा रुग्ण असेल तर सिस्टर किती वाजता येणार आणि गोळी किती वाजता दिली, हेही विचारावे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची. परंतु सिस्टरला यावयास उशीर होणार असेल तर ड्रेसिंगपूर्वीची गोळीही तेवढीच उशिरा द्यावी, ही आठवण दूरदेशाहूनही देता येते. आणि मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचे औषध लिहून दिले आहे ना, तेवढे चिठ्ठी वाचावयास लावून खात्री करून घ्यावी.