वसतिगृहातून खोलीवर
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृह सुटल्यामुळे बाहेर खोली पाहणारे बरेच विद्यार्थी समोर बसले आहेत. त्यांच्याशीच बोलावे अशी अध्यक्षांची सूचना आहे.

आम्ही तिघे १९८६ च्या दिवाळीनंतर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वसतिगृहातून बाहेर पडलो. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि रॉकेलचा स्टोव्ह, एवढाच संसार. वसतिगृहात असताना मेसच्या पातळ वरणाला आम्ही रोज नावे ठेवायचो. पण तिथे आडनावावरून कुणी दार लावत नव्हते, हे बाहेर पडल्यावर कळले. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, नाव लागले ते १९९४ मध्ये. मधल्या वर्षांत मराठवाड्यात आपल्या मुलांनी खोली मागायला जाणे म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. भाडे ठरायचे, नळाची वेळ सांगून व्हायची, आणि मग प्रश्न यायचा, "आडनाव काय म्हणालात?" सहा-सात ठिकाणी खोली तेवढ्यात 'कालच दिलेली' निघाली. शेवटी आमच्यातल्या एकाने गावाच्या नावापुढे 'कर' लावले. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो मात्र चार महिने ट्रंकेत, कपड्यांखाली. १४ एप्रिलला तो भिंतीवर लावला आणि त्याच आठवड्यात खोली सोडावी लागली. खोली गेल्याचे वाईट वाटले नाही. त्या चार महिन्यांचे अजून वाटते.

पुढे बाबासाहेबांचे बडोद्याचे अनुभव वाचले, तेव्हा मन थोडे हलके झाले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र त्यांच्याबरोबर राहत. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा मात्र पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दारात आली. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही जागा झाली नाही. एवढा शिकलेला माणूस बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता व्यवहाराचे. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेची पावती घ्या. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. रक्कम थेट बँक खात्यात येते, पण भाड्याच्या तारखेलाच येईल असे धरून चालू नका. दोन महिन्यांचे भाडे ज्यांना बाजूला ठेवता येणार नाही, त्यांनी मंडळाला आधी सांगावे, सामान रस्त्यावर आल्यावर नव्हे. आणि स्वयंपाकाच्या पाळ्या पहिल्याच दिवशी ठरवा. परीक्षेच्या दिवसांत भांड्यांवरून तुटलेल्या मैत्र्या आम्ही पाहिल्या आहेत!

आडनाव विचारले तर खरे सांगा, असे म्हणणे आज आम्हांला सोपे आहे. रात्री झोपायला जागा नसलेल्या मुलाला ते सोपे नसते. म्हणून सभासदांना विनंती, ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्यांनी पत्ता व भाडे आजच लिहून द्यावे. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. भाडे जरूर घ्या, मुलांना फुकट नको आहे.

जयभीम!