मार्गाला न लागलेली मुले
(महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलाचे नाव निघाले, की पहिला प्रश्न ठरलेला: "मार्गाला लागला का?" आम्हीही तोच विचारीत आलो. युरोपातल्या जुन्या कादंबरीचा प्रश्नही हाच होता. जर्मन कवी गटे याच्या 'विल्हेल्म माइस्टर'मधला (1795-96) तरुण नाटकमंडळींबरोबर भटकतो, चुकतो. पण अखेर शहाणा होऊन समाजात आपली जागा घेतो.

पुढे साम्राज्यांच्या भरभराटीच्या काळात मात्र निराळ्या कादंबऱ्या आल्या. त्यांत मुले वाढतात आणि वाढ मध्येच अडते. केप वसाहतीत जन्मलेल्या ऑलिव्ह श्रायनर यांनी पुरुषी टोपणनावाने 1883 साली 'द स्टोरी ऑफ ॲन आफ्रिकन फार्म' प्रसिद्ध केली. तिच्यातली लिंडल तल्लख बुद्धीची, पण त्या बुद्धीला वावच नाही. ती तरुणपणीच मरते. आपल्या हरिभाऊ आपट्यांची यमू इथे कोणाला आठवणार नाही? 'पण लक्षात कोण घेतो!'मध्ये नवऱ्याच्या सहवासात जे उमलत होते, ते वैधव्याने खुडले.

आम्हाला अधिक जवळचा वाटतो तो जेम्स जॉइसचा स्टीफन ('अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन', 1916). आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचे राज्य. कॉलेजातले पाद्री अध्यापक जातीचे इंग्रज. दिव्यात तेल ओतण्याच्या नरसाळ्याची गोष्ट निघते. स्टीफन त्याला 'टंडिश' म्हणतो. अध्यापकांनी तो शब्द कधी ऐकलेलाच नसतो. मुलाच्या मनाला ते लागते: ही भाषा आधी यांची, मग आपली! महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आम्हाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुण्याच्या पाहुण्याने आमच्या बोलण्यातला एखादा शब्द धरून हसावे, आणि आम्ही वरमावे, हे लहानपणी कितीदा झाले! पुढे स्टीफन कोश उघडून पाहतो, तर 'टंडिश' हा अस्सल जुना इंग्रजी शब्दच निघतो. त्याचा संताप वाचण्यासारखा आहे.

घर, देश, धर्म यांचे पाश तोडून तो निघतो. पण 1922 च्या 'युलिसिस'मध्ये पाहावे, तर स्वारी डब्लिनला परत आलेली. एका शाळेत शिकवतो आहे. रात्री मुक्काम कुठे, त्याचा पत्ता नाही. आमच्या समितीच्या वहीत त्याच्या नावापुढचा रकाना कोराच राहिला असता, आणि पुढच्या वर्षीची रक्कम आम्ही बहुधा थांबवली असती.