घरातले दुसरे मूल

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. घरातलेच चार शब्द सांगते.

माझ्या धाकट्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हातापायांवर ताबा राहत नाही. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण व्यायाम सुटला की स्नायू आखडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या पायांशी बसलेली असे. थोरली तेव्हा आठ वर्षांची. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगे, "हिचा मला काही त्रास नाही हो!"

एके दिवशी ती शाळेतून लंगडत आली. आठवडाभर लंगडली. डॉक्टरांनी तपासले, पाय ठणठणीत. मी चिडून म्हटले, "सोंग करतेस?" तर म्हणाली, "आई, मलापण तेल लावून चोळ ना ग!"

भगिनींनो, त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आईजवळ बसायला माझ्या शहाण्या मुलीला आजारच हवा होता!

मग आम्ही घरात काही बदल केले. रात्रीचा अर्धा तास फक्त तिचा. तेवढा वेळ धाकट्याकडे हे पाहू लागले. तिला त्याचा राग आला, तर "तो बिचारा आहे, असे बोलू नये" म्हणणे मी सोडले. ऐकून घेऊ लागले. त्यालाही बसल्याजागी शेंगा सोलण्याचे काम दिले आणि चुकला तर बोलणीही!

आणखी एक. "आमच्यामागे तुलाच बघायचे आहे" हे लहान मुलीला कधी ऐकवू नये. ज्यांना अठरा वर्षांनंतरही पालक लागतो, त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून पालक नेमून घेता येतो. ती तजवीज मोठ्यांची. तिचे ओझे आठ वर्षांच्या खांद्यावर कशाला?

भांडणे संपली का? छे! परवाच त्याने तिची वेणी ओढली, तिने धपाटा घातला. मी मध्ये पडले नाही. चार घरांतली भावंडे भांडतात तसेच ते भांडण होते, आणि मला त्याचे बरेच वाटले.

आपल्या शेजारी असे घर असेल, तर आजारी मुलाची चौकशी जरूर करा, पण दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलालाही नावाने हाक मारा, "तू कशी आहेस ग?" म्हणून विचारा. एवढे सांगून मी आपली रजा घेते.