थंडीतली उदासी आणि उन्हाचा वाटा

(खामगाव परिसरातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



दिवाळी होऊन थंडी पडली की वस्तीतली एखादी म्हणते, "काही करावंसंच वाटत नाही बाई." ऐकणाऱ्या म्हणतात, गारठ्यानं अंग जड झालं असेल. आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.

थंडीत येणाऱ्या उदासीला वैद्यकशास्त्रात वेगळं स्थान आहे. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. दिवस लहान झाले की झोप वाढते, गोडधोड खावंसं वाटतं, माणसांत मिसळणं नको होतं. ऋतू पालटला की हे सारं ओसरतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा देशांत रोज सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा एक उपचार आहे.

खामगावात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. ऊन भरपूर आहे. त्यामुळे तिकडचा आजार जसाच्या तसा इकडे चिकटवता येणार नाही. मग इथल्या बाईला हे दिवस जड का जातात? त्याचं उत्तर तिच्या दिवसभराच्या कामात शोधू या.

हा मुलूख कापसाचा. १८७० साली कापूस नेण्यासाठी जलंबहून इथे रेल्वेचा फाटा आला. कापूस वेचायचं काम मुख्यतः बायांचं, आणि मजुरी किलोवर. पहाटे उठून पाणी, चूल, शिदोरी. मग दवानं भिजलेल्या पऱ्हाटीत उतरायचं. दिवसभर वाकून वेचायचं, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घ्यायची, आणि घरी आल्यावर पुन्हा चूल. पुढचे वेचे विरळ होत जातात, किलो भरायला वेळ लागतो. कापूस विकायचे, उधारी फेडायचे, मुलीच्या लग्नाची बोलणी करायचे दिवसही हेच. भाव पडला की घरातला राग निघतो तो तिच्यावर.

शेतावर न जाणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. आतल्या खोलीतला उजेड बाहेरच्या उन्हाच्या शंभरावा हिस्साही नसतो. सकाळी पारावर ऊन खात पुरुष बसतात, सून घटकाभर ओट्यावर बसली तर "कामं आटोपली वाटतं!" असा टोमणा येतो. ऊन फुकट असलं तरी उन्हात बसायला वेळ आणि मुभा लागते. त्यात बाईला वाटा मिळत नाही.

काही जणी म्हणतील, परिस्थिती बदला, मन आपोआप बदलेल. पण परिस्थिती बदलेपर्यंत ती बाई जगली पाहिजे. २०२१ या एका वर्षात देशात २३,१७९ गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्याच वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून ही नोंद १०,८८१ होती. शेतकऱ्याच्या मरणाची चर्चा विधानसभेत होते, आणि ती व्हायलाच हवी. गृहिणीचं मरण मात्र "घरगुती कारण" या दोन शब्दांत मिटवलं जातं.

तेव्हा पहिली गोष्ट, शरीर तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. थकव्याचं मूळ तिथेही असू शकतं. दुसरी गोष्ट, दिवस मोजा. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर तो आळस नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या बाईला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या; तिला एकटी सोडू नका.

बाई हे लपवते, कारण तिला भीती असते ती "वेडी" ठरवून माहेरी धाडतील याची. तिला सांगा, उदासी किंवा औषधाची चिठ्ठी एवढ्यानं घटस्फोट मिळत नाही. नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आपल्या जिल्ह्यात मनाचा त्रास असलेल्यांना सैलानीच्या दर्ग्यावर नेण्याची जुनी रीत आहे. श्रद्धा असेल त्यांनी जावं, पण औषध थांबवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. सरकारी आरोग्यसेवेत मानसोपचार मिळणं हा त्याच कायद्यानं दिलेला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.

मंडळांनी या हिवाळ्यात तीन कामं अंगावर घ्यावीत. बैठक संध्याकाळी खोलीत घेण्याऐवजी सकाळी अंगणात, उन्हात घ्या. वेचणीमुळे ते जमत नसेल तर शेतातच, शिदोरी सोडायच्या वेळी बसा. बैठकीला यायची थांबलेली बाई कोण, याची आठवण ठेवा आणि तिच्या घरी दोघी मिळून जा. उपदेश न करता ऐका, आणि दवाखान्याची वेळ आली तर सोबत चला. तिसरं, १४४१६ हा क्रमांक सगळ्यांना पाठ करून द्या. २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा हा क्रमांक आहे. तिथे पैसे न देता, मराठीतून बोलता येतं.

आणि घरी गेल्यावर एक मागणी करा : सकाळचा अर्धा तास, ओट्यावर, हातात काम नसताना. मागणी लहान दिसते. करून पाहा, म्हणजे घरोघरी ती किती मोठी आहे ते कळेल.