रजिस्टर जपणाऱ्या ताईंना थँक्यू

जळकोटहून बोलतोय. कुणी एसटीत बसला असाल, कुणी रानात, कुणी पुण्यात पीजीच्या खोलीत. आजचा भाग छोटाय. मुलाखत नाही, गेस्ट नाही. आज फक्त आभार मानायचेत.

एप्रिल-मे २०२१ आठवतंय? दुसरी लाट. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्याच लाटेत गेले. टेस्ट पॉझिटिव्ह आली, लातूरला एका दवाखान्यात ठेवलं आणि अकराव्या दिवशी फोन आला. कागदावर मृत्यूचं कारण होतं ‘न्यूमोनिया’. कोरोना हा शब्दच नाही. पण तेव्हा कागद वाचायचं भान कुणाला होतं?

पुढं सुप्रीम कोर्टात गौरव कुमार बन्सल आणि रीपक कन्सल या वकिलांच्या याचिका चालल्या. ३० जून २०२१ ला कोर्टानं सांगितलं, कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मदत मिळालीच पाहिजे. रक्कम ठरली ५० हजार. मग ४ ऑक्टोबरचा आदेश आला. प्रमाणपत्रावर कोरोना लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणानं मदत नाकारता येणार नाही. तक्रार असेल तर जिल्ह्याच्या समितीकडं जा, समिती कागद तपासून निर्णय देईल. पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, तर तो कोरोनाचाच धरायचा.

आम्ही अर्ज करायला बसलो आणि अडलो. टेस्टचा रिपोर्ट अण्णांच्या मोबाईलमध्ये होता. मोबाईल दवाखान्यातच हरवलेला. तारीखही कुणाला नीट आठवेना.

मग आठवल्या आमच्या गल्लीच्या आशाताई. त्यांनी रजिस्टर काढलं. निळ्या पेनानं लिहिलेलं: अण्णांचं नाव, वय, स्वॅब कधी दिला, पॉझिटिव्ह कधी आला, ऑक्सिजन किती भरला, घरी किती वेळा येऊन गेल्या. त्या तारखेवरून रिपोर्टची दुसरी प्रत निघाली. समितीपुढं काकू स्वतः बोलल्या. कागद दुरुस्त झाला.

पैसे आले तेव्हा काकू म्हणाल्या, “पैशाचं काय, येतील-जातील. पण ह्यांचं खरं तर लिहिलं गेलं.”

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

ब्रिटनमध्ये कोरोनाची जाहीर चौकशी बसली. बॅरोनेस हेदर हॅलेट अध्यक्ष. जून २०२३ पासून सुनावण्या, पहिला अहवाल जुलै २०२४ मध्ये. ज्यांची माणसं गेली त्यांनी उघड साक्षी दिल्या. आपल्याकडं तशी देशपातळीवरची जाहीर चौकशी झालेली नाही. इंग्रजांच्या काळात मात्र प्लेगवर झाली होती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यानं गावोगावच्या साक्षी नोंदवल्या, पण त्यात भरणा डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचा. घर उठलेल्या बाईला कोण विचारणार?

कोरोनात संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं नोव्हेंबर २०२० मध्ये अहवाल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये तर तिनं सांगितलं की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची तपासणी करा. आकड्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. २०२१ च्या अखेरीपर्यंत सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख. सरकारला ती मोजणीची पद्धतच मान्य नाही.

खरा आकडा कोणता, ते जळकोटात बसून मी सांगू शकत नाही. पण एक नक्की सांगतो. अण्णांच्या कागदावर ‘न्यूमोनिया’च राहिला असता, तर कोरोनाच्या मोजणीत ते कुठंच नसते. आमच्या घरात एक माणूस कमी आणि सरकारी हिशेबात काहीच कमी नाही.

म्हणून आभार. याचिका लढवणाऱ्या वकिलांचे. जिल्ह्याच्या समितीत काकूंचं शांतपणे ऐकून घेणाऱ्या साहेबांचे. आम्हाला अर्ज फुकट भरून देणाऱ्या सेतूवाल्या पोराचे. पदर सावरत, हात थरथरत असताना सगळं सांगणाऱ्या काकूंचे. आणि सगळ्यात जास्त आशाताईंचे. याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आमच्या ताईंना विचारलं, एवढं कसं लिहिलंत? म्हणाल्या, “काही सुचत नव्हतं बाबा. नुसतं लिहीत गेले.”

आता तुमचं काम. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, तर आज आईजवळ, आजीजवळ बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा. कधी ताप आला, कुणी गाडी दिली, कुणी दार लावून घेतलं, सगळं विचारा. रडू आलं तर थांबा, चहा घ्या, परत विचारा. जुने रिपोर्ट सापडले तर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. उद्या कुणी चौकशी करो न करो, आपल्याकडं साक्ष तयार पाहिजे.

आणि गल्लीतल्या आशाताई दिसल्या तर थांबून थँक्यू म्हणा. लई उशीर झालाय, पण म्हणा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!