गाडी बोलते, आपण ऐकतो का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये मोजून सात चारचाकी होत्या. आज जागेवरून दर जनरल बॉडीत वाद होतो. म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "काका, या वेळी गाडीवरच बोला." मी काही मेकॅनिक नाही, सारी नोकरी बँकेत गेली. पण एका प्रसंगाने मला हा विषय शिकवला. तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं नातीला घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून दोन महिने खटखट आवाज येत होता. मेकॅनिकने सांगितलं होतं, "साहेब, बॉल जॉइंट गेलाय, बदलून घ्या." मी म्हणालो, "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." सौ.ने दोनदा आठवण केली. मी रेडिओचा आवाज वाढवला. येताना पसरणीचा घाट उतरलो, हायवेला लागलो, पुण्यात आलो. आणि आपल्या गेटमधून आत वळून पाण्याच्या टाकीपाशी पोहोचलो तेव्हा धाडकन आवाज झाला. गाडी एका कोपऱ्यावर बसली, चाक फेंगडं होऊन बाहेर आलं. बॉल जॉइंट निसटला होता. वेग ताशी दहासुद्धा नसेल, कुणाला खरचटलंही नाही. पण नात मागच्या सीटवर झोपली होती. हेच तीन तास आधी घाटात झालं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो. खातं एका दिवसात बुडत नाही. हप्ता आधी चार दिवस उशिरा येतो, मग पंधरा. नव्वद दिवसांनी ते एनपीए म्हणून कागदावर येतं, पण खुणा कितीतरी आधी दिसत असतात. गाडीचंही तसंच आहे.

आता थोडी रचना समजून घेऊ. आपल्या बहुतेक गाड्यांत पुढचं चाक वरून एका खांबाने धरलेलं असतं. त्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर असतो, गॅरेजच्या भाषेत शॉकअप. खालून त्याला लोअर आर्म धरतो. लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे रबराचे बुश असतात, आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. हा जॉइंट आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा, खोबणीत गोळा. स्टिअरिंग फिरवलं की टाय रॉड चाकाला वळवतो. त्याच्याही टोकाला असाच सांधा असतो. जुन्या फियाट आणि ॲम्बॅसॅडरमध्ये या सांध्यांना वेळोवेळी ग्रीस भरावं लागे. आताचे सांधे बंद असतात. वरची रबरी टोपी फाटली की चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस बाहेर येतं आणि सांधा झिजायला लागतो.

आता खुणा. लहान खड्ड्यांवर, कमी वेगात खटखट वाजत असेल तर लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट बघायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना टकटक आली, तर बहुधा एक्सलचा जॉइंट. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी चारही टायरची हवा तपासा. हवा बरोबर असेल तर अलाइनमेंट. ब्रेक जाम झाला असेल तरी गाडी ओढते. मग ते एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरलं तर डिस्क. खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डोलत राहिली, ब्रेक मारल्यावर नाक फार खाली गेलं, की शॉकअप थकले. आणि स्टिअरिंग इकडेतिकडे हलवूनही चाक लगेच दाद देत नसेल, तर गाडी थेट गॅरेजला न्या.

घरच्या घरी काय करता येईल? पहिलं, आपल्या गेटजवळचा गतिरोधक. त्याच्या उंचीबद्दल मी कमिटीला दोन पत्रं दिली आहेत, पण तपासणीसाठी तो उत्तम आहे. काचा खाली, रेडिओ आणि एसी बंद, सावकाश पार करा आणि ऐका. दुसरं, गाडी उभी असताना बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा झोके घेत असेल तर शॉकअप बघायला हवा. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तरी तेच. तिसरं, टायर वाचा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली, ठिकठिकाणी चकत्यांसारखी झीज असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग.

गॅरेजमध्ये चाक वर उचलल्यावर तुम्हीही जवळ उभे राहा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खेळ आला तर टाय रॉडचं टोक. हे समजलं की बिलावरची प्रत्येक ओळ कळते. मात्र घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका. आणि शॉकअपची स्प्रिंग घरी उघडायचा प्रयोग तर मुळीच नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

दुरुस्तीबाबत तीनच गोष्टी. शॉकअप जोडीने बदला, डावा आणि उजवा दोन्ही. एक नवा, एक जुना असला की गाडी सारखी बसत नाही. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलला की अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढा, नाहीतर नवे टायर वाया जातील. आणि बॉल जॉइंट किंवा टाय रॉड "अजून महिनाभर चालेल" असं कुणी म्हटलं तरी थांबू नका. शॉकअप थकला तर गाडी आधी त्रास देते. हा सांधा सुटला तर चाकच हातातून जातं.

सगळ्यात फसवी गोष्ट सांगतो. आवाज रोजचा झाला की आपल्याला ऐकू येणं बंद होतं. म्हणून महिन्यातून एकदा शेजाऱ्याला शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारा आणि विचारा, "काही वाजतंय का?" त्याचे कान ताजे असतात. पाहुण्यांच्या लक्षात येतं ते घरच्यांच्या येत नाही.

शेवटी एक विनंती. पावसाळाभर खड्डे खाऊन गाडी दसऱ्याला येते. आपण तिला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात गाडी वर उचलून खालूनही एकदा बघून घ्या. पूजा त्यानंतर करू.

माझी ती नात आता कॉलेजात आहे आणि गाडी शिकते आहे. पहिल्या दिवशी मी तिला क्लच-गिअर शिकवलं नाही. रेडिओ बंद केला आणि म्हणालो, "आधी ऐक."